एआय म्हणतो ‘लावली’, मखरात मात्र अंधार: स्मार्ट प्लग पुन्हा पुन्हा गायब होतात त्यावर सापडलेला उपाय

गणपतीचा दुसरा दिवस, संध्याकाळची आरती. परळला आमचं वन बीएचके, चौदावा मजला, हॉलमध्ये वीसेक माणसं दाटीवाटीनं उभी. आईनं निरांजन लावलं, मामांनी टाळ हातात घेतले आणि मी सगळ्यांसमोर ऐटीत लॅपटॉपवर एआय असिस्टंटला सांगितलं, ‘मखराची लायटिंग लाव.’ उत्तर लगेच आलं, मी ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं: ‘मखराची लायटिंग लावली आहे. गणपती बाप्पा मोरया!’

मखरात काळोख.

‘मोरया म्हणायचं काम त्यानं केलं, दिवे लावायचं तुझ्याकडे दिसतंय,’ मामा म्हणाले. आईनं काही न बोलता वाकून प्लगचं बटण दाबलं आणि आरती सुरू झाली.

असं पहिल्यांदाच झालं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. जूनपासून दर आठ-दहा दिवसांनी एखादा प्लग असाच ‘गायब’ व्हायचा. मी अर्धा तास खटपट करायचो, तो परत यायचा, आठवडाभर नीट चालायचा आणि मग दुसराच कुठला तरी जायचा. तुमच्याकडेही दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडत असेल, असिस्टंट ‘केलं’ म्हणत असेल आणि घरात काहीच होत नसेल, तर पुढचं कामाला येईल.

आधी माझी मांडणी सांगतो. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर), सहा स्मार्ट प्लग (वायफायवरून चालू-बंद होणारे), चार बल्ब आणि एसीसाठी रिमोटचं काम करणारी एक डबी. एआय असिस्टंट लॅपटॉपवर आहे आणि तो एमसीपीनं, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलनं, होम असिस्टंटला जोडलेला आहे. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला हा प्रोटोकॉल म्हणजे भाषेच्या मॉडेलला बाहेरची अवजारं एकाच पद्धतीनं वापरता यावीत म्हणून ठरवलेली बोली. होम असिस्टंटमध्ये त्याचा सर्व्हर २०२५ च्या फेब्रुवारीतल्या आवृत्तीपासून आला. प्लग कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही, कारण शेवटी दोष त्यांचा निघालाच नाही.

आता मी कुठे कुठे वेळ घालवला ते ऐका. सगळ्यात आधी संशय टोकनवर. माझ्या मांडणीत होम असिस्टंटमध्ये लाँग-लिव्ह्ड ॲक्सेस टोकन, म्हणजे पासवर्डसारखी एक लांबलचक किल्ली, बनवून तो एआय असिस्टंटला द्यावा लागतो. मला वाटलं, त्याची मुदत संपत असणार. तीन वेळा नवा टोकन बनवला, तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सगळं ठीक झालं, म्हणून माझी खात्रीच पटली. नंतर वाचलं तर त्या टोकनची मुदत दहा वर्षं असते. शिवाय टोकन मेला असता तर एकटं मखर नाही, सगळं घर बंद पडलं असतं. एवढा साधा विचार मला तीन टोकन झाल्यावर सुचला. मग मॉडेल बदलून पाहिलं. मग असिस्टंटच्या सूचनांमध्ये लिहिलं, ‘खोटं बोलू नकोस.’ (हसू नका, रात्री साडेबाराला माणूस काहीही लिहितो.)

उलगडा झाला तो असिस्टंटला बाजूला ठेवल्यावर. तुम्हीही पहिलं काम हेच करा. होम असिस्टंटमध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, ॲक्शन्समध्ये जा आणि तीच आज्ञा त्याच प्लगला स्वतःच्या हातानं द्या. माझ्याकडे बटणावर हिरवी खूण आली, एकही एरर नाही आणि प्लग ढिम्म. म्हणजे एआय मनानं काही रचत नव्हता. खालून, म्हणजे होम असिस्टंटकडून, त्याला ‘झालं’ असंच कळत होतं आणि तो ते आपल्याला गोड भाषेत सांगत होता.

खालून ‘झालं’ असं का यावं? तिथेच शेजारच्या स्टेट्स पानावर प्लगचं नाव शोधलं तर समोर लिहिलेलं: अनअव्हेलेबल. एखादं उपकरण अनअव्हेलेबल असलं की होम असिस्टंट आज्ञा देताना त्याला मुकाट वगळतं आणि पुढे जातं. यात गैर काही नाही, रचनाच तशी आहे. ‘हॉलचे सगळे दिवे लाव’ म्हटल्यावर चारांपैकी एक बल्ब उडालेला असेल तर बाकीच्या तिघांनी का अडून बसावं? पण आज्ञा एकाच प्लगला असली आणि तोच वगळला गेला की कुणीच काही केलेलं नसतं आणि एररही येत नाही. भाषेचं मॉडेल या शांततेचा अर्थ ‘काम फत्ते’ असा लावतं.

प्लग तर समोर जिवंत दिसत होता, निळा दिवा पेटलेला. मग अनअव्हेलेबल का? घरच्या नेटवर्कवरचा त्याचा पत्ता होता १९२.१६८.१.७. लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून पाहिली, उत्तर आलं. दोन मिलिसेकंद, पाच मिलिसेकंद, झकास. मी म्हटलं, वायफाय ठीक, प्लग ठीक, आता राहिलं ते होम असिस्टंट. ते पुन्हा इन्स्टॉल करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात आईला कणीक तिंबायच्या मशीनसाठी ते सॉकेट हवं होतं, म्हणून तिनं प्लग उपटून माझ्या हातात दिला. प्लग माझ्या हातात, वायर लोंबतेय, आणि पडद्यावर १९२.१६८.१.७ कडून उत्तरं येतच आहेत!

ती उत्तरं मामांचा फोन देत होता.

पत्त्याला उत्तर मिळालं म्हणजे आपल्या वस्तूनंच दिलं असं नव्हे. खात्री करायची तर पिंग केल्यावर लगेच ‘एआरपी’ची, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या उपकरणाकडे आहे याची, यादी पाहा. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर ती दिसते, किंवा राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असतेच. तिथे प्रत्येक पत्त्यासमोर मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसतो आणि तो प्लगच्या ॲपमधल्या मॅक ॲड्रेसशी जुळायला हवा. एक खूण लक्षात ठेवा: मॅक ॲड्रेसमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बहुधा फोननं गोपनीयतेसाठी स्वतः बनवलेला असतो. प्लग आणि बल्बांचा पत्ता कारखान्यातूनच येतो, त्यांच्यात ही खूण सहसा दिसत नाही. माझ्या यादीत ७ समोरचं दुसरं अक्षर ई होतं.

आता हे पावसाळ्यातच का? मुंबईत वीज तासन्‌तास जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० चा तो सोमवार, ग्रिड कोसळून लोकल जिथल्या तिथे थांबल्या होत्या, तसा दिवस विरळाच. पण जोराचा पाऊस लागला की आमच्या इमारतीत लाइट क्षणभर डोळा मारते. पंखा थांबायच्या आत परत येते. आपल्याला वाटतं काहीच झालं नाही. राउटर मात्र तेवढ्यात बंद होऊन पहिल्यापासून सुरू होतो आणि त्याला दोन-अडीच मिनिटं लागतात. प्लग पाच सेकंदांत जागे होतात, वायफाय नाही म्हणून चाचपडत राहतात. राउटर उभा राहिला की सगळे एकदम पत्ता मागायला धावतात. माझा राउटर कोणाला कुठला पत्ता दिला याची वही तात्पुरत्या मेमरीत ठेवतो, वीज गेली की वही कोरी. मग जो आधी आला त्याला आधीचा नंबर. एरवी घरात चार फोन, तेव्हा प्लगला बहुतेक वेळा जुनाच पत्ता परत मिळायचा आणि चूक झाकली जायची. गणपतीत दारात चपला काढता काढता प्रत्येक जण विचारतो, ‘वायफायचा पासवर्ड काय रे?’ वीस फोन रांगेत घुसले आणि सातवा नंबर मामांना गेला. माझी प्लगची जोडणी पत्त्यावरच बेतलेली आहे, पत्ता मी एकदा हातानं भरला होता. होम असिस्टंट बिचारं मामांच्या फोनला दिवे लावायला सांगत होतं.

टोकन बदलल्यावर सगळं ‘ठीक’ का व्हायचं, हेही इथेच कळलं. टोकन बदलताना मी दर वेळी राउटरही बंद-चालू करायचो. कधी फासे बरोबर पडायचे, कधी नाही.

उपाय दहा मिनिटांचा आहे. राउटरच्या पानावर जा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो). डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) भागात ॲड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. तिथे प्रत्येक प्लग, बल्ब आणि मुख्य म्हणजे रास्पबेरी पाय यांचा मॅक ॲड्रेस घालून पत्ता कायमचा राखून ठेवा. मी २० ते ४० हे नंबर घरातल्या वस्तूंसाठी राखले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचे पत्ते १०० पासून पुढे केले. प्लग एकदा उपटून लावा, नवा पत्ता होम असिस्टंटमध्ये भरा. पायचा पत्ता राखायला विसरू नका. असिस्टंटला तुम्ही पायचा आकडी पत्ता दिला असेल आणि तोच बदलला, तर सगळं घर एका फटक्यात मुकं होतं.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढलं. त्याचा पासवर्ड छापून फ्रिजवर लावलाय. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या, आणि फायबरची डबी वेगळी असेल तर तिलाही लागेल. पायला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, त्याची सोय वेगळी करा. वीज अशी डोळे मारत राहिली तर त्यातलं मेमरी कार्ड एक दिवस जातं. बॅकअप लॅपटॉपवर उतरवून ठेवा, कार्डावरच ठेवलेला बॅकअप कार्डाबरोबरच जातो.

असिस्टंटच्या बाजूनं मी दोन गोष्टी बदलल्या. सूचनांमध्ये आता लिहिलंय: ‘कोणतीही आज्ञा देण्याआधी त्या वस्तूची स्थिती वाच. अनअव्हेलेबल असेल तर आज्ञा देऊ नकोस, वस्तू नेटवर्कवर नाही असं सांग.’ आधी वाचायला सांगितलंय ते मुद्दाम. आज्ञेनंतर लगेच वाचलं तर काही प्लग दोन-चार सेकंद जुनीच स्थिती दाखवतात, मग लागलेला दिवा ‘लागला नाही’ म्हणून तो पुन्हा आज्ञा देत बसतो. दुसरं म्हणजे होम असिस्टंटमध्ये एक ऑटोमेशन: कुठलाही प्लग पाच मिनिटं अनअव्हेलेबल राहिला की माझ्या फोनवर नोटिफिकेशन. बिघाड आरतीच्या वेळी कळण्यापेक्षा दुपारी ऑफिसात कळलेला बरा.

एवढं झाल्यावर नेटवर्कचा त्रास संपला आणि नावांचा सुरू झाला.

एका स्मार्ट प्लगमधून होम असिस्टंटमध्ये एकच वस्तू येत नाही. स्विच येतो, शिवाय व्होल्टेज, करंट, वॅट, निळा दिवा, चाइल्ड लॉक असं लटांबर येतं. मी हौसेनं सगळंच असिस्टंटला उघडं केलं होतं. एका रात्री बाबा म्हणाले, ‘मखर बंद कर.’ त्यानं ‘मखर चाइल्ड लॉक’ चालू केला. परिणाम असा की मखराचे दिवे चालूच आणि आता हातानं बटण दाबलं तरी प्लग ऐकेना. सेटिंग्जमध्ये व्हॉइस असिस्टंट्स आणि तिथे एक्स्पोज असं पान आहे. एमसीपीतून जोडलेल्या असिस्टंटला फक्त इथे खूण केलेल्या वस्तू दिसतात. मी सगळं काढून टाकलं आणि मोजून तेरा वस्तू ठेवल्या. उत्तरंही भरभर यायला लागली, कारण दर वेळी त्या मॉडेलला वाचावी लागणारी यादी आखूड झाली.

त्याच पानावर प्रत्येक वस्तूला उपनावं देता येतात. घरात जे बोललं जातं तेच लिहा, पुस्तकी नको. आमच्याकडे ‘बाहेरचा दिवा’ म्हणजे बाबांच्या लेखी गॅलरीतला आणि आईच्या लेखी दाराबाहेरच्या पॅसेजमधला. भांडण मिटेना म्हणून ते नाव दोघांनाही दिलं नाही, एकाला ‘गॅलरी’, दुसऱ्याला ‘दारावरचा’. आजी ‘दिवा बंद कर’ कधी म्हणत नाही, ‘मालव’ म्हणते. असिस्टंटला ते न शिकवताच कळलं, हे मान्य करायला हवं. अडला तो ‘लाइट’ या शब्दावर. आईनं विचारलं, ‘दुपारी लाइट गेली होती का रे?’ त्यावर उत्तर: ‘हॉलची लाइट सध्या बंद आहे, लावू का?’ मुंबईत लाइट जाते, येते, लाइटचं बिल भरायचं असतं आणि लाइट लावायचीही असते. मी सूचनांमध्ये एक ओळ घातली की ‘लाइट गेली/आली’ म्हणजे वीजपुरवठा. तेव्हापासून तो राउटर शेवटचा कधी सुरू झाला ते बघून अंदाज सांगतो. सॉरी, यूपीएस लावल्यापासून राउटर बंदच पडत नाही, तेव्हा आता प्लगांचा इतिहास बघतो.

बाकीच्या अडचणी पटकन सांगतो. नवा प्लग जोडायलाच तयार नसेल तर नव्वद टक्के वेळा कारण एकच असतं: स्वस्त प्लग आणि बल्ब वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात आणि तुमच्या राउटरनं २.४ आणि ५ एकाच नावाखाली एकत्र केलेले असतात. दोन्ही नावं वेगळी करा, निदान जोडणीपुरती. (नव्वद टक्के हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे.) जोडलेला प्लग रात्री नऊनंतर रेंगाळत असेल तर चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातली वायफायची वाट, बघा. आमच्या हॉलमध्ये उभं राहिलं की फोनला शेजाऱ्यापाजाऱ्यांची चाळीसच्या वर वायफाय दिसतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. राउटर ‘ऑटो’वर असला की रात्री मनानं चॅनेल बदलतो आणि एखादा प्लग मागे राहतो. त्यातल्या त्यात मोकळा एक निवडून कायम करा, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा.

स्मार्ट बल्ब रोज रात्री गायब होत असेल तर आधी भिंतीवरचं बटण बघा. चाळीस वर्षं ‘झोपायच्या आधी बटणं बंद’ हा नियम पाळलेल्या आईला बल्बाला चोवीस तास वीज हवी असते हे पटवणं माझ्याच्यानं झालं नाही. बल्ब काढून साधे लावले आणि बोर्डाच्या आत बसणारं स्मार्ट स्विचचं मॉड्यूल इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलं. आता बटणही चालतं आणि असिस्टंटही. अशा बहुतेक मॉड्यूलला बोर्डात न्यूट्रलची वायर लागते. बोर्डावर सॉकेट असेल तर ती आलेली असतेच, नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात नसूही शकते. हे काम स्वतः करू नका.

घराबाहेरून काहीच चालत नसेल आणि पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून आत पाठवणं) करून थकला असाल, तर राउटरच्या पानावर वॅन ॲड्रेस, म्हणजे राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या एखाद्या आकड्यानं सुरू होत असेल तर तुमच्या इंटरनेटवाल्यानं एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय, बाहेरून तुमच्या दारापर्यंत रस्ताच नाही. टेलस्केलसारखा व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी रस्ता) किंवा होम असिस्टंटची पैसे भरून मिळणारी क्लाउड सेवा हे दोन मार्ग चालतात. इथे एक फरक ध्यानात घ्या: लॅपटॉपवरचा असिस्टंट तुमच्याच घरच्या वायफायवरून पायशी बोलू शकतो, पण फोनवरच्या किंवा ब्राउझरमधल्या असिस्टंटची जोडणी बहुधा त्या कंपनीच्या सर्व्हरवरून येते. त्याला घरचा १९२.१६८ वाला पत्ता देऊन उपयोग नाही. आणि काही झालं तरी होम असिस्टंटचा ८१२३ हा पोर्ट जगाला उघडा करून ठेवू नका.

गिझर मी असिस्टंटला दिलेला नाही. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा तेरा. १० अँपिअरच्या प्लगवर तो लावणं म्हणजे आगीला आवतण, १६ अँपिअरचाच हवा. तो बंद करायची जबाबदारी मी होम असिस्टंटच्या ऑटोमेशनला दिलीय: चालू झाल्यापासून वीस मिनिटांनी बंद, कुणी सांगो न सांगो. ते पायवरच चालतं, इंटरनेट असो नसो.

काल रात्री पुन्हा धो धो पाऊस होता, लाइटनं दोनदा डोळा मारला. सकाळी यादी उघडली तर सहाही प्लग जागेवर, एसीची डबी तेवढी अनअव्हेलेबल. तिचा पत्ता राखायचा राहून गेला होता. २७ नंबर दिला, चहा होईपर्यंत आली परत.